मला दोन भाऊ आहेत

नगरहून पुण्याकडे निघाले की हमरस्त्यावर पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव लागते. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे इतिहासात ज्याचे नाव येते ते पुणे जिल्ह्यातील सुपे वेगळे. आमचे सुपा वेगळे. हा सारा टापू पर्जन्यछायेचा. येथे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो. गावाभोवतीच्या डोंगरांवर आता पवनचक्क्या फिरतात, माळावर औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि ज्या जिल्ह्याला आम्ही जन्मभर अहमदनगर म्हणत आलो त्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. या परिसरातील एका माध्यमिक विद्यालयात आम्ही १९८७ पासून बावीस वर्षे इंग्रजी शिकविले. त्या बावीस वर्षांतील एका वाक्याचे ऋण आमच्यावर होते. ते फेडण्याची संधी मिळाली, तीही फार उशिरा. त्याचीच ही हकिकत.

१९८८ सालची गोष्ट. नववीच्या वर्गात आम्ही भाषांतरासाठी पाच वाक्ये फळ्यावर लिहून दिली होती. पहिलेच वाक्य होते, 'मला दोन भाऊ आहेत.' दूरच्या वस्तीवरून रोज पायी येणारा एक मुलगा होता. अबोल, पण डोळ्यांत चमक असलेला. त्याने लिहिले, 'टू मी टू ब्रदर्स आर.' आम्हांला त्या वाक्याची मौज वाटली. आम्ही ते मोठ्याने वाचून दाखविले, आणि दोन्ही 'टू'वर जोर देऊन पुन्हा एकदा वाचले. वर्ग हसला. आम्हीही हसलो. मग लाल शाईने वाक्यावर फुली मारली, बाजूला 'आय हॅव टू ब्रदर्स' असे शुद्ध रूप लिहिले आणि वही परत दिली.

पुढे कित्येक महिने मुले त्याला 'टूमीटू' म्हणून हाक मारीत. त्याने इंग्रजीच्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही. १९९० मध्ये तो दहावीला बसला. बाकी सर्व विषयांत उत्तीर्ण झाला, इंग्रजीत मात्र नापास झाला, आणि त्याची शाळा तेथेच सुटली. त्या काळी मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून इंग्रजी आले ते जून २००० मध्ये. दहावीच्या उंबरठ्यावर इंग्रजीला अडखळून मागे फिरलेली मुले त्या वेळी खेडोपाडी होती. त्यांतलाच हा एक, असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करून घेतले.

वाक्य चुकले होते, यात शंका नाही. परंतु ते का चुकले, हे आम्ही त्याला सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर ते आम्हांला स्वतःलाही ठाऊक नव्हते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांच्याच परंपरेतले आम्ही. 'आय ॲम, वी आर, यू आर' हे आम्ही पाढ्यासारखे पाठ केले होते आणि पाढ्यासारखेच पाठ करवून घेत होतो. 'इज' म्हणजे आहे, 'आर' म्हणजे आहेत, 'वॉज' म्हणजे होता. एवढे शिकविले की 'टु बी' हे क्रियापद झाले, असा आमचा समज. त्या मुलाने आमच्याच पाढ्याप्रमाणे 'आहेत'साठी 'आर' लिहिले होते. आम्ही शिकविलेलेच त्याने आम्हांला परत दिले, आणि त्यासाठी आम्ही त्याचे हसे केले.

२००९ मध्ये निवृत्त झाल्यावर आम्ही घराच्या पडवीत संध्याकाळी गावातील मुलांना विनामूल्य इंग्रजी शिकवू लागलो. २०१७ च्या पावसाळ्यात एक नवी मुलगी येऊ लागली. तिला सोडायला तिचे वडील छोटा टेम्पो घेऊन येत, आणि शिकवणी संपेपर्यंत पडवीच्या पायरीखाली उभे राहत. कितीही म्हटले तरी आत येत नसत. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना ओळखले नाही. दुसऱ्या दिवशी ओळखले. तोच तो मुलगा होता. त्याने मात्र आम्हांला पहिल्याच दिवशी ओळखले होते, आणि तरीही आपली मुलगी आमच्याकडे पाठविली होती.

त्या आठवड्यात मुलांना इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायचे होते. एक वाक्य असे होते : 'देअर आर सिक्स ऑफ अस इन द हाऊस.' मुलीने लिहिले, 'तेथे घरामध्ये आमच्यातील सहा आहेत.' सवयीने आमचा हात लाल पेनाकडे गेला. पायरीखाली तिचे वडील उभे होते. आम्ही पेन खाली ठेवले.

"बाळ, तुमच्या घरात माणसे किती?" आम्ही विचारले.

तिने बोटे मोजली. "आजी, आई, पप्पा, दोन भाऊ आणि मी. सहा जण."

"मग कोणी तुला विचारले तर तू काय सांगशील?"

"आम्ही सहा जण आहोत."

"इंग्रज हेच सांगतो आहे."

ती गोंधळली. 'ऑफ अस' म्हणजे 'आमच्यापैकी', असे तिला शाळेत शिकविले होते, आणि ते खोटे नव्हते. 'सिक्स ऑफ अस वेंट' म्हटले तर आमच्यापैकी सहा जण गेले, बाकीचे राहिले, असा अर्थ होऊ शकतो. पण 'देअर आर'च्या मागोमाग तेच शब्द आले की मागे कोणीच उरत नाही. सहा म्हणजे सगळे. त्या एका वाक्यात 'टु बी' आहे, संख्या आहे आणि 'ऑफ' हे अव्ययही आहे. तिन्ही सुटे सुटे घेतले तर एक अर्थ निघतो, एकत्र घेतले तर दुसराच. शब्दकोशात शब्द सापडतो. त्यांचे हे आपसातले नाते सापडत नाही. मराठीने ही गरज वेगळ्या रीतीने भागविली आहे. माणसे मोजण्यासाठी तिने दोघे, तिघे, चौघे अशी खास रूपे घडविली आणि पुढच्या संख्यांना 'जण' जोडले. 'आम्ही चौघे आहोत' म्हटले की पुरते. इंग्रजीजवळ अशी रूपे नाहीत, म्हणून तिला 'फोर ऑफ अस' म्हणावे लागते.

राहता राहिले ते 'देअर'. मुले त्याचे भाषांतर 'तेथे' असे करतात आणि फसतात. त्या संध्याकाळी आम्ही मुलांना एवढेच विचारले, "'टाकीत पाणी आहे' आणि 'पाणी टाकीत आहे' यांत फरक काय?" मुले क्षणभर गप्प राहिली. मग एक मुलगा म्हणाला, "सर, पहिले म्हणजे टाकी रिकामी नाही. दुसरे म्हणजे, पाणी कुठंय असं कुणी विचारलं तर सांगायचं." अगदी बरोबर. मराठीत शब्दांची अदलाबदल केली की हा फरक साधतो. इंग्रजीत शब्दांच्या जागा इतक्या मोकळ्या नसतात. म्हणून पहिल्या अर्थासाठी ती 'देअर' हा शब्द वाक्याच्या तोंडाशी उभा करते : 'देअर इज वॉटर इन द टँक.' दुसऱ्या अर्थासाठी 'द वॉटर इज इन द टँक.' पहिल्या वाक्यातील 'देअर' कोणतीही जागा दाखवीत नाही. पुढे काही आहे, अशी ती फक्त वर्दी आहे.

नकाराचेही तसेच. मुले 'वॉटर इज नॉट' असे लिहितात, कारण मराठीत 'पाणी नाही' म्हटले की वाक्य पुरे होते. 'नाही' हेच आपले क्रियापद. ते 'नाहीत', 'नव्हते', 'नसते' असे चालते. इंग्रजी मात्र नकार बहुधा क्रियापदाला न लावता वस्तूच्या मापाला लावते : 'देअर इज नो वॉटर.' शब्दशः पाहिले तर, शून्य पाणी आहे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथील मुलांना हे वाक्य फार लवकर कळले.

येथे मराठीची श्रीमंतीही मुलांच्या ध्यानात यावी असे आम्हांला वाटले. टाकीत पाणी असते, पण विहिरीला पाणी असते. 'विहिरीत पाणी आहे' आणि 'विहिरीला पाणी आहे' ही दोन वाक्ये शेतकऱ्याच्या घरात एक नव्हेत. पहिल्यात पाणी आज साठलेले दिसते; दुसऱ्यात विहिरीचा झरा जिवंत असल्याची ग्वाही मिळते. तसेच 'नळाला पाणी आहे' आणि 'नळाला पाणी असते'. एक आत्ताचे, एक नित्याचे. इंग्रजीला दोन्ही ठिकाणी 'इज'वरच भागवावे लागते आणि नित्यपणा दाखवायला आणखी एखादा शब्द उसना घ्यावा लागतो. आपल्या भाषेत असे काही आहे जे इंग्रजीला सरळ सांगता येत नाही, हे कळल्यावर त्या मुलांच्या बसण्यातला संकोच थोडा कमी झाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

उलटपक्षी, इंग्रजी जेथे थोडक्यात काम उरकते तेथेही मुलांना नेले. 'द लाइट इज ऑफ', 'द मीटिंग इज ओव्हर', 'द मॅनेजर इज आऊट'. 'इज' आणि एक इवलेसे अव्यय, बस्स. आपण मात्र काय घडले ते सांगतो : दिवा विझला आहे, सभा संपली आहे, साहेब बाहेर गेले आहेत. आपले लक्ष घटनेकडे, इंग्रजीचे त्या घटनेनंतरच्या स्थितीकडे. कारखान्यात 'द लाइन इज डाऊन' म्हटले तर खाली पाहायचे नसते. उत्पादन थांबले आहे, असे समजायचे. आपले 'घरी', 'कामावर', 'रजेवर', 'बसमध्ये' हे इंग्रजीत अनुक्रमे 'ॲट', 'ॲट', 'ऑन', 'ऑन' यांच्या वाट्याला जाते. 'कामावर' आणि 'रजेवर' या दोन्हींत आपल्याकडे एकच 'वर', तिकडे दोन निराळी अव्यये. बस आपल्याला 'मध्ये' बसायची वाटते, इंग्रजाला 'वर' चढायची; मोटारगाडीत मात्र तोही 'इन'च बसतो. याला नियम थोडा आणि सवय फार. ज्याला नियम नाही त्याची चूक झाली म्हणून मुलाला मूर्ख ठरविणे हा शिक्षकाचा उद्धटपणा होय.

हे सारे चालले असता पायरीखालून आवाज आला, "सर, 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही सांगा पोरांना."

आम्ही चमकलो. तीस वर्षांनी त्याने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले होते. मग त्याने उभ्या उभ्याच आपली हकिकत सांगितली. दहावीनंतर काही वर्षांनी तो औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागला होता. यंत्रावर लोखंड कापले जात असता हत्यार तापू नये म्हणून वर पांढऱ्या द्रवाची धार सोडतात. त्याला कामगार कुलंट म्हणतात. एका रात्री तो पाळीवर आला तेव्हा आधीच्या पाळीच्या सुपरवायझरने नोंदवहीत लिहून ठेवले होते, 'देअर इज लिटल कुलंट इन द टँक.' लिहिणारा परप्रांतीय, त्याला मराठी येत नव्हते. याने वाचले, 'लिटल' म्हणजे थोडे. थोडे आहे म्हणजे आहे. त्याने यंत्र सुरू केले. तासाभरात टाकी कोरडी पडली, हत्यार जळाले, कापायला घेतलेला भाग वाया गेला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्याला फाटकावरूनच परत पाठविले.

"शेजारच्या मशीनवर आयटीआय झालेला पोरगा होता," तो म्हणाला. "त्याला विचारता आलं असतं. पण सर, विचारलं असतं तर तो हसला असता."

तो हे हसत हसत सांगत होता. आमच्याच्याने हसवले नाही. एका एकाक्षरी शब्दाने त्याची नोकरी गेली, असे त्याला वाटत असेल. आम्हांला ठाऊक होते की ती १९८८ सालच्या आमच्या हसण्याने गेली होती. चूक सगळ्यांचीच होते. पण विचारण्याची वाट मोकळी असली तर ती वेळीच सुधारते. ती वाट आम्ही बंद केली होती.

आम्ही फळ्यावर लिहिले : 'थोडे तरी आहे' आणि 'थोडेच आहे'. मुलांना यांतील भेद सांगावा लागला नाही. 'तरी'मध्ये धीर आहे, 'च'मध्ये चिंता आहे. मग 'तरी'खाली लिहिले 'अ लिटल' आणि 'च'खाली नुसते 'लिटल'. तसेच 'अ फ्यू' आणि 'फ्यू'. पाण्यासारख्या न मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लिटल', भाकरीसारख्या मोजता येणाऱ्यांना 'फ्यू'. 'देअर आर अ फ्यू भाकरीज' म्हटले तर पाहुण्याला बसवून घ्यावे. नुसते 'फ्यू' म्हटले तर पीठ मळायला घ्यावे. मुले खळखळून हसली. हे हसणे निराळे होते. त्यात कोणाची फजिती नव्हती. आपले 'तरी' आणि 'च' ही दोन इवलीशी अव्यये त्यांनी जन्मापासून वापरली होती. तीच हाती दिल्यावर इंग्रजीतील जो भेद आम्ही पूर्वी पाठ करवून घेऊनही पोहोचवू शकलो नव्हतो, तो पाच मिनिटांत पोहोचला.

मुले पांगल्यावर तो पायरीपाशी घुटमळला. मुलगी टेम्पोत जाऊन बसली होती.

"सर, एक विचारू? माझं ते वाक्य नेमकं कुठं चुकलं होतं?"

कोणते वाक्य, हे त्याला सांगावे लागले नाही आणि आम्हांला विचारावे लागले नाही.

आम्ही त्याला म्हणालो, "अरे, तू मराठी अचूक लिहिलेस, फक्त इंग्रजी शब्दांत लिहिलेस. 'मला' म्हणजे 'टू मी', बरोबर. 'दोन भाऊ' म्हणजे 'टू ब्रदर्स', बरोबर. 'आहेत' म्हणजे 'आर', हे तर आम्हीच शिकविले होते. इंग्रजीत नाते, मालकी, आजार, अवयव यांसाठी 'टु बी' सहसा चालत नाही. तेथे 'हॅव' नावाचे दुसरे क्रियापद लागते. मराठीत त्या अर्थाचे क्रियापदच नाही. ही एवढी गोष्ट तुला सांगायला हवी होती. ती आम्ही सांगितली नाही. चूक तुझी कमी आणि आमची अधिक होती."

तो काही बोलला नाही. मग आम्हीच पुढे बोलत राहिलो. कदाचित शांतता सहन होईना म्हणून. मराठीत 'हॅव' नाही, पण तिचे अडत नाही. ती 'असणे' हेच क्रियापद घेते आणि त्याच्यामागचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बदलते. भाऊ असतात ते 'मला'. पैसे असतात ते 'माझ्याजवळ'. टेम्पो असतो तो 'माझ्याकडे'. धमक असते ती 'माझ्यात'. जमीन असते ती 'माझी'. 'मला दोन भाऊ आहेत' हे नाते झाले. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटले तर ते मुक्कामाला आले आहेत असा अर्थ होईल. 'मला दोन बैल आहेत' असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही, पण 'बैलाला दोन शिंगे आहेत' असे म्हणेल. जे सुटत नाही, जे रक्ताचे अथवा देहाचे आहे, त्याला 'ला'. जे हातचे आहे त्याला 'जवळ'. जे ताब्यात आहे त्याला 'कडे'. इंग्रजी या साऱ्यांना सरसकट एकाच 'हॅव'च्या दावणीला बांधते.

यावरून इंग्रज मालकी हक्काचे लोभी आणि आपण निःसंग, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. व्याकरणावरून समाजाची नीती ठरत नाही. 'हॅव' नसलेल्या भाषेतही बांधावरून भावाभावांत कज्जे चालतात, हे आमच्या तालुक्याला सांगायला नको. शिवाय अशी रचना करणारे आपण एकटे नाही. रशियन माणूस 'माझ्यापाशी आहे' अशाच धर्तीवर बोलतो. आयरिश भाषेतही पुस्तक माणसा'पाशी' असते. लॅटिनमध्ये 'हाबेओ' हे क्रियापद होते, तरी 'मिहि एस्त', म्हणजे शब्दशः 'मला आहे', ही रचनाही शिष्ट मानली जाई. वाचकांतील ज्येष्ठांना दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपूर्वीची लॅटिन मिस्सा आठवत असेल. त्यातील 'दोमिनुस वोबिस्कुम' या अभिवादनात तर 'असणे' हे क्रियापद मुळीच नाही. 'प्रभू तुमच्यासह' एवढेच. 'आहे' म्हणायचे की 'असो', हे ऐकणाऱ्यावर सोपविलेले. मिस्सा लोकभाषांत आली तेव्हा मराठीला 'असो' आणि इंग्रजीला 'बी' घालून तो निर्णय करावा लागला. आणि प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजीला 'हू आर्ट इन' असे तीन शब्द लागतात, तेथे मराठी 'स्वर्गातील' या शब्दाच्या शेपटाला 'तील' लावून मोकळी होते.

याच वाटेवरून उलट दिशेने गेलेला एक इंग्रज आपल्या सर्वांना परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांच्या मातृभाषेत 'हॅव' होते. ज्या लोकांत त्यांनी उरलेले आयुष्य वेचले त्यांच्या भाषांत ते नव्हते. 'मला दोन भाऊ आहेत' हे साधे वाक्य त्यांनाही कधीतरी पहिल्यांदा शिकावे लागले असेल, आणि त्यांच्याही प्रारंभीच्या वाक्यांना कोणीतरी हसले असेल अथवा कोणीतरी न हसता दुरुस्त केले असेल. पुढे १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, आणि त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये राचोल येथे प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापून निघालेले ते पहिले व्याकरण मानले जाते. ज्याला परक्या भाषेत अडखळल्याची आठवण असते, तोच दुसऱ्यासाठी व्याकरणाची पायवाट बांधण्याचे कष्ट घेतो, असे आम्हांला वाटते.

आता सुप्याच्याच वसाहतीचे पाहा. तेथे जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखलेले आहे. जपानी भाषेतही 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य 'मला' आणि 'आहेत' असेच घडते. इतकेच नव्हे, सजीवांच्या असण्याला एक क्रियापद आणि निर्जीवांच्या असण्याला दुसरे, असा भेद ती भाषा करते. म्हणजे पारनेर तालुक्यातील कामगार आणि जपानहून आलेला अभियंता इंग्रजीत बोलू लागले की दोघांनाही हाच 'हॅव'चा उंबरठा ओलांडावा लागतो. दोघेही मनातल्या मनात आधी 'टू मी टू ब्रदर्स आर' असेच म्हणत असतील.

हे ऐकून मात्र तो मोकळेपणाने हसला. "म्हणजे सर, जपानमध्ये मी पास झालो असतो," असे म्हणून त्याने टेम्पो सुरू केला.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. आईवडील हौसेने त्यांना पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलायला लावतात, आणि आजीआजोबांच्या तोंडून एखादे मोडके इंग्रजी वाक्य आले की तीच मुले हसतात. त्या हसण्याला आळा घालावा, एवढेच आमचे मागणे आहे. मोडके वाक्य कानी पडले तर आधी ते मराठीत म्हणून पाहावे. बहुधा ते मराठीत निर्दोष निघते. मग त्यातील कोणता शब्द इंग्रजीला चालत नाही आणि का, हे सांगणे अवघड राहत नाही. लाल शाईची फुली क्षणात मारता येते. ती पुसायला आम्हांला जवळजवळ तीस वर्षे लागली, आणि तीही त्या मुलाने स्वतः येऊन विचारले म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला सोडायला आला तेव्हा पायरीखाली थांबला नाही. चपला काढून आत आला आणि भिंतीला टेकून मुलांच्या मागे बसला. त्या संध्याकाळी मुले सात होती, तो आठवा आणि आम्ही नववे. पडवीत आपण किती जण आहोत, हे इंग्रजीत सांगा, असे आम्ही विचारले. मुले एकमेकांकडे पाहत होती, तोच मागून त्याने हात वर केला.

"देअर आर नाइन ऑफ अस, सर."